ताकदीच्या गोळ्या

जूनमध्ये शिवून आणलेला शाळेचा फ्रॉक दिवाळीच्या सुट्टीआधीच दर्शनीला होईना. पाठीमागचा हूक लावताना सिंधूनं तिला श्वास ओढून धरायला लावलं, पोट आत घ्यायला सांगितलं, तरी हूक काही जागेवर बसेना. दारात तांदूळ निवडत बसलेल्या शिवम्मानं हे पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"उसव की दोन टाके! कापड सोडलंय आत," ती म्हणाली. "लेकरू अंगानं भरलं तर कुणी तोंड पाडून बसतंय का? गल्लीतली पोरं बघ, नुसत्या बरगड्या. आन् आमची दर्शनी बघ!"

दर्शनी म्हणजे प्रियदर्शनी, शिवम्माची सात वर्षांची नात. गाल इतके वर आलेले की हसली की डोळे दिसेनासे व्हायचे. शाळेच्या पायऱ्या चढताना तिला धाप लागायची. वर्गातली पोरं तिला 'पोतं' म्हणायची आणि खेळताना कुणी आपल्या बाजूला घ्यायचं नाही. आणखी एक गोष्ट फक्त सिंधूच्या ध्यानात आली होती. वर्षभरात पोरगी आडवी वाढली, उंचीला मात्र जिथल्या तिथं राहिली.

आपल्याकडे मूल गुटगुटीत असलं की आईबाप परीक्षेत पास! बारीक पोराची आई चार बायकांत मान खाली घालते आणि जाड पोराची आई पदर सावरून पुढं बसते. पोराच्या आत काय चाललंय हे कोण विचारतो? शिवम्मा तरी का विचारील? तिला वाटायचं, सुनेनं लातूरहून आणलेल्या ताकदीच्या गोळ्यांचाच हा गुण.

कारण सिंधूनं तिला तसंच सांगितलं होतं.

खरी गोष्ट वेगळी होती. दर्शनीला जन्मतःच एक आजार होता. मूत्रपिंडांच्या वर दोन लहानशा ग्रंथी असतात. त्यांतून एक रस रोज तयार व्हावा लागतो, तो तिच्या शरीरात होत नव्हता. तो रस गोळीनं रोज, ठरल्या वेळी, ठरल्या मापानं द्यायचा. कमी पडला तर अंगातलं मीठ वाहून जातं आणि लेकरू हातचं जातं. जास्त झाला तर अंग सुजतं, उंची खुंटते, रक्तात चरबी साठते. माप चुकवायचं नाही, आणि एक दिवसही विसरायचं नाही, असं ते औषध.

निलंग्याच्या कडेला रामलिंगची थोडी सोयाबीन-तुरीची जमीन, घर गावात. सिंधू त्याची बायको आणि मामाची मुलगीही. शिवम्मा तिची सासू, पण त्याआधी सख्खी आत्या. एवढ्यावर भागलं नव्हतं. ज्या मांडवात सिंधूचं लग्न रामलिंगशी लागलं, त्याच मांडवात तिचा भाऊ श्रीमंत आणि रामलिंगची बहीण पुनम यांच्यावरही अक्षता पडल्या होत्या. आमच्याकडे याला साटंलोटं म्हणतात. तुमची आमच्यात, आमची तुमच्यात. हुंड्याचा घोळ नाही, परक्याची कटकट नाही. पण एका घरात काच तडकली की दुसऱ्या घरात ती फुटते. एक सून माहेरी धाडली की त्याच आठवड्यात दुसरी परत येते.

दर्शनी जन्मली सिंधूच्या माहेरी, देगलूरजवळच्या खेड्यात. जन्मल्यावर सुईणीला कळेना की मुलगा म्हणावा की मुलगी. लेकराला कावीळ झाली असं घरच्यांना सांगून सिंधूची आई दोघींना घेऊन नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात पळाली. तिथं तपासण्या झाल्या. मुलगीच आहे, आजार हा असा आहे, औषध जन्मभर लागेल, पण मूल चांगलं जगेल, शिकेल, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. सिंधूच्या आईनं त्यातलं शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. खाटेजवळ येऊन ती लेकीच्या कानाशी लागली.

"कुणाला बोलू नगंस. रामलिंगला सांग, बास. तुझ्या सासरी कळलं तर म्हणतील पोरीचं रक्तच खराब. तुला इकडं धाडतील. मग श्रीमंत पुनमला ठेवील व्हय? दोन घरं मोडतील सिंधू."

आई पुढं वारली, तिचा शब्द राहिला. रामलिंगलाही तो पटला, कारण त्याच्या पुढं बहिणीचा संसार होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. ज्यानं ही म्हण काढली त्याच्या मुठीत लेकराचं औषध नसावं.

दिवाळीनंतर सिंधू दर्शनीला घेऊन लातूरला गेली. तिथं डॉक्टर रुखसार काझी दर्शनीला बघायच्या. काझी घराणं पिढ्यान्‌पिढ्या लातूरचं, बांगड्यांच्या व्यापारातलं. त्या घरातली ही पहिली डॉक्टर. बोलणं मऊ, पण चूक दिसली की सोडायच्या नाहीत. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट हातात घेतला आणि दोनदा वाचला.

"सिंधूताई, पन्नाशीतल्या बसून राहणाऱ्या शेठजीच्या रक्तात असावी एवढी चरबी या लेकराच्या रक्तात आहे," त्या म्हणाल्या. "या आजाराच्या मुलांत ही भीती असतेच, म्हणून आपण रक्त तपासतो. पण एवढी? ब्लडप्रेशर चढलंय, उंची थांबलीय. मी लिहून दिलेल्या मापानं असं व्हायला नको. हिच्या पोटात औषध जास्त जातंय."

"न्हाई हो मॅडम! मीच देते माझ्या हातानं. पाव म्हणजे पावच. देवाशपथ!"

"मग दुसरं कुणी देतं का?"

"कोण देईल? घरात ह्यांच्याबिगर कुणाला काय मालूमच न्हाई."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हेच मी तुम्हाला किती वेळा सांगितलं? घरातल्या प्रत्येकाला हा आजार माहीत पाहिजे. तुम्ही शेतात आहात, पोरीला ताप भरला, उलटी झाली, तर जादा डोस कोण देणार? शेजारीण? आणि हे एकट्या दर्शनीचं नाही. तुमच्या दोघांच्या रक्तात हा दोष अर्धा अर्धा झोपलेला आहे. तो तुमच्या भावाबहिणींतही असू शकतो. नात्यात कुणाला दिवस गेलेत का आता? असतील तर मला सांगा. बाळ जन्मल्या जन्मल्या तपासता येतं."

पुनमला सातवा महिना चालू होता. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर, किती देवळांच्या पायऱ्या झिजवल्यावर, तिची कूस उजवली होती.

"न्हाई मॅडम," सिंधू म्हणाली. "कुणाला न्हाई."

किती सहज तोंडातून निघालं ते! सात वर्षं एक खोटं सांभाळलं की दुसरं सांगायला जीभ अडखळत नाही.

पण औषध जास्त कसं जातंय, हा प्रश्न तिला सोडीना. दोन दिवसांनी ती शेतातून रोजच्यापेक्षा लवकर परतली. शाळा सुटून दर्शनी आली होती. चुलीपुढं शिवम्मा बसलेली. तिनं वाटीत साय घेतली, वर साखर टाकली, कनवटीचं पाकीट काढून त्यातली अख्खी गोळी चमच्यानं चुरली आणि सायीत कालवली.

"आत्या! हे काय करून राहिल्या?"

शिवम्मा दचकली नाही. उलट हसली. "ताकदीची गोळी देते की लेकराला. तू सकाळ-संध्याकाळ देतीस ती पाव-पाव. पाव गोळीनं काय ताकद येती? शाळेतून दमून येतंय. म्हणून मी चारला एक देते, सायीतून. गुढीपाडव्यापासून देऊन राहिले. बघ कशी भरली!"

"गोळ्या कुठून आणल्या तुम्ही?"

"तुझं रिकामं पाकीट उकिरड्यावरून उचलून मेडिकलवर नेलं. दाखवलं, त्यानं दिलं. माझ्या भाजीच्या पैशातून आणते, कुणाच्या खिशात हात न्हाई घातला."

सिंधू तिथंच उंबऱ्यावर बसली. गुढीपाडव्यापासून दिवाळीपर्यंत रोज एक गोळी! रक्तातली चरबी, थांबलेली उंची, पायऱ्यांवरची धाप, सगळं त्या सायीच्या वाटीतून आलं होतं, आणि देणारीच्या मनात मायेशिवाय दुसरं काही नव्हतं. सिंधूला सासूचा राग यायला हवा होता. पण राग कुणावर काढायचा? "ताकदीच्या" हा शब्द कुणाचा होता?

तेव्हाच बोलायला हवं होतं. "आत्या, ही ताकदीची गोळी न्हाई," एवढं एकच वाक्य. ते तिच्या ओठांवर आलंही. पण शिवम्मा पुढं म्हणाली, "पुढच्या महिन्यात पुनम येईल बाळंतपणाला. तिच्या लेकराला बी असंच गुटगुटीत करते बघ!" आणि सिंधूनं ओठ मिटले.

"डॉक्टरीण म्हणली, ताकद लई झाली," ती म्हणाली. "आता तुम्ही देऊ नका. कमी कशी करायची ते मी तिला विचारते." तिनं फोनवर डॉक्टरांना जादा गोळीचं सांगितलं, ती हळूहळू कशी उतरवायची ते समजून घेतलं. सासूला मात्र आजाराचं नाव सांगितलं नाही. शिवम्मानं पाकीट देऊन टाकलं आणि दोन दिवस ती सुनेशी धड बोलली नाही. नातीवरच्या मायेवर कुणी कुलूप घातल्यासारखं तिला वाटलं.

मार्गशीर्षात पुनम माहेरी आली. संक्रांतीच्या आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ती बाळंत झाली. मुलगा! शिवम्मानं गल्लीत साखर वाटली. श्रीमंत देगलूरहून मोटारसायकलवर आला आणि सगळ्यांसमोर लहान पोरासारखा रडला.

सिंधूनं बाळाला उलटंपालटं करून पाहिलं. सगळं जिथल्या तिथं होतं. दर्शनीच्या वेळी सुईणीच्या चेहऱ्यावर जे दिसलं होतं तसं इथं कुणाच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. तिनं सुटकेचा श्वास टाकला. मुलग्यांच्या अंगावर या आजाराची काही खूण दिसत नाही, म्हणूनच ती बाळं जास्त दगावतात, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते तिला आठवलं नाही, की तिनं आठवू दिलं नाही, हे तिचं तिलाच ठाऊक.

आठवडा उलटला तसं बाळ दूध ओढेना. ओढलं तर उलटून टाकी. "दूध बाधलंय," शेजारणी म्हणाल्या. "दिष्ट लागली," शिवम्मा म्हणाली आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. गावातल्या डॉक्टरनं थेंब दिले. बिचाऱ्याला दुसरं काही सुचायचं कारण नव्हतं, कारण त्याला या घराबद्दल कुणी काही सांगितलंच नव्हतं.

बारशाच्या दोन दिवस आधी सिंधूनं बाळाला न्हाऊ घालायला मांडीवर घेतलं. टाळू खोल गेली होती. ओठ कोरडे पडले होते. पहिल्या दिवसाची गुलाबी कातडी काळवंडली होती. आता तिला आठवण्याची गरज राहिली नाही. तिनं हे आधी पाहिलं होतं, स्वतःच्या मांडीवर, नांदेडच्या दवाखान्यात.

ती भाकरी घेऊन शेतात गेली आणि बांधावरच रामलिंगला म्हणाली, "पुनमच्या लेकराला तेच हाय. आपल्या दर्शनीचं. आज लातूरला न्यायला पाहिजे."

रामलिंगच्या हातातलं खुरपं खाली पडलं. बहीण त्याची, भाचा त्याचा. माणूस वाईट नव्हता. पण माणूस होता.

"परवा बारसं हाय," तो म्हणाला. "देगलूरकडची सगळी मंडळी येऊन राहिलीत. आज नेलं तर विचारतील कामून नेलं. काय सांगू? सात वर्षं लपवलं म्हणून सांगू? तेवढं बारसं होऊ दे सिंधू. पाहुणे गेले की मी सोता घेऊन जातो. थेंब तर चालूच हायेत."

"आन् तवर काय झालं तर?"

"दोन दिवसांनी काय होतंय?"

आणि सिंधू गप्प बसली. अहो, बाई निर्दय नव्हती! त्या दोन दिवसांत बाळाच्या तोंडात तिनं चोरून मिठाचं पाणी घातलं. पण जे एक वाक्य बोलायचं होतं ते सोडून तिनं सगळं केलं. चार माणसांत शोभा व्हायला नको म्हणून आपण काय काय करत नाही? तापानं फणफणलेल्या पोराला लग्नाला नेतो. मानसिक आजाराची सून देवळांतून फिरवतो. पाहुण्यांसमोर मान ताठ राहावी म्हणून घरातल्याच माणसाचा जीव पणाला लावतो, आणि वर म्हणतो की घराण्याची अब्रू राखली.

बारशाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. सकाळी लिंगायतांच्या रीतीप्रमाणे जंगमस्वामींनी येऊन बाळाला विभूती लावली, लिंगधारणा केली. दुपारी बायकांनी पाळणा सजवला. पुनम हिरव्या इरकलीत बसली होती, डोळ्यांत काळजी, पण ओठांवर हसू. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या पाळण्याला झोका दिलेली बाई आज आपल्या पाळण्यापाशी बसली होती. बायका गाऊ लागल्या. बाळाला पाळण्याखालून वर, वरून खाली, असं देवघेव करून झालं. बाळ रडलं नाही.

"किती शाणं लेकरू गं!" श्रीमंतची काकू म्हणाली. "एवढ्या गलक्यात हूं की चूं न्हाई."

"शांत हाय माझा राजा," शिवम्मा कौतुकानं म्हणाली.

सिंधू पाळण्यापाशी वाकली. बाळाचे डोळे अर्धवट उघडे होते आणि कुणाकडंच बघत नव्हते. तिनं पायाचा तळवा चोळला. पाय हलला नाही. हाताला गार लागला.

"थांबवा!" ती ओरडली. "पाळणा थांबवा! ह्ये लेकरू शांत न्हाई, ह्ये चाललंय! ह्याला दर्शनीचाच आजार हाय! त्या ताकदीच्या गोळ्या न्हाईत आत्या, ती पोरगी त्या गोळ्यांवरच जगून राहिली! जीप काढा! लातूरला घेऊन चला!"

गाणं जिथल्या तिथं तुटलं. काहींना काही कळलं नाही. पुनमला मात्र कळलं. तिनं पाळण्यातून लेकरू उचललं आणि अनवाणी बाहेर धावली.

वाटेत औसा गाव मागं पडल्यावर सिंधूनं डॉक्टर काझींना फोन लावला. जीप लातूरला पोचली तेव्हा त्या दवाखान्याच्या दारात उभ्याच होत्या. सुई, सलाईन, जे करायचं ते सगळं त्यांनी केलं. शीर सापडत नव्हती इतकं लेकरू सुकून गेलं होतं. दिवस मावळायच्या आत त्या बाहेर आल्या.

ज्याचं नाव ठेवायला गाव जमलं होतं, ते बाळ नावावाचून गेलं.

पुनम भिंतीशी बसली होती. तिला रडू येत नव्हतं. पान्हा फुटून इरकलीचा पदर भिजला होता आणि ती त्याकडं परक्यासारखी बघत होती. मग तिनं मान वर केली.

"वहिनी, तुला कवापासून ठावं होतं?"

सिंधूला वाटलं असतं तर ती म्हणू शकली असती, आजच. खोटं बोलायची सवय तर होतीच. पण आता ते कुणासाठी बोलायचं होतं?

"भ्या तर पोटात व्हता तवापासून व्हतं," ती म्हणाली. "खातरी परवापासून."

"परवापासून," पुनम एवढंच म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं.

श्रीमंत उठला, रामलिंगच्या अंगावर धावला आणि अर्ध्या वाटेत खाली बसला. शिवम्मा डॉक्टरांसमोर जाऊन हात जोडून उभी राहिली.

"बाई, मी माझ्या नातीला रोज एक गोळी चारली. ताकदीची म्हणून. तिच्या रक्तात चरबी झाली म्हणतात ती माझ्यामुळं झाली का?"

डॉक्टरांनी तिला हाताला धरून बाकावर बसवलं. "अव्वा, तुमच्या मायेमुळे काही झालं नाही. तुम्हाला खरं सांगितलं नाही, त्यामुळे झालं. औषधावर नाव खोटं लावलं की औषधाचं विष होतं. दर्शनीला जास्त झालं आणि या बाळाला मिळालंच नाही. औषध एकच, आजार एकच, आणि चूकही एकच."

मग त्या सगळ्यांकडं वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "आता भांडत बसू नका, कुणाचं रक्त खराब म्हणून. हा दोष चौघांतही अर्धा अर्धा असणार. अर्ध्यानं माणूस आजारी पडत नाही, त्याला कळतही नाही. दोन अर्धे एका लेकरात जमले की आजार होतो. नात्यातच सोयरीक केली की ते जमायची भीती वाढते, एवढंच. पाप कुणाचं नाही. पण सांगितलं असतं तर पहिल्या दिवशी रक्त तपासून पहिल्या आठवड्यात औषध सुरू केलं असतं. आज हे बाळ तुमच्या मांडीवर असतं. आजार लपवता येतो हो, रक्त कसं लपवणार?"

तिसऱ्या दिवशी भावकी निलंग्याच्या घरी जमली. अंगणात सतरंजी टाकली होती. लिंबाजी नावाचा भावकीतला वडीलधारा माणूस होता. प्रत्येक तंट्यात शेवटचा शब्द त्याचा असायचा. त्यानं घसा खाकरला.

"झालं ते वंगाळ झालं. पण आता दोष कुणीकडचा ते ठरलं पाहिजे. सिंधूनं लपवलं. तिला तिच्या माहेरी धाडा. आन् मग पुनमनं बी तिकडं नांदावं का, ह्ये श्रीमंतनं सांगावं."

सात वर्षं ज्याची भीती होती ते अखेर दारात येऊन उभं राहिलं. सिंधूनं मान खाली घातली. तिनं मनातल्या मनात पिशवीही भरून ठेवली होती. दर्शनी आईच्या पदराला धरून उभी होती.

तेवढ्यात आतून शिवम्मा आली. तीन दिवसांत ती दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. ती बायकांत बसली नाही. पुरुषांच्या सतरंजीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"दोष कुणीकडचा सांगू?" ती म्हणाली. "सिंधूचा नि श्रीमंतचा बाप माझा पाठचा भाऊ. रामलिंग माझ्या पोटचा, पुनम माझ्या पोटची. चारी पोरांत रक्त एकाच घरचं हाय लिंबाजी, माझ्या माहेरचं. घरातली पोर घरात द्यायची ह्यो हट्ट बी माझाच. मग धाडा मला! कुठं धाडता ते बोला! आन् सिंधूनं कामून लपवलं? आपल्याच भ्यानं. तुम्ही असं सतरंजी टाकून बसताव म्हणून लपवलं! आजार सांगितला की पोर माहेरी. मग कोण सांगेल?"

लिंबाजी जमिनीकडं बघू लागला. तेव्हा दारात उभी असलेली पुनम बोलली. तिचा आवाज सपाट होता.

"मी वहिनीला माफ केलं न्हाई. हुईल का न्हाई, मला ठावं न्हाई. पर तिला धाडून माझं लेकरू येणार हाय का? ते आजारानं न्हाई गेलं, काका. आजाराला गोळी हाय, दर्शनी उभी हाय बघा तुमच्या म्होरं. माझं लेकरू गेलं ते सगळ्यांनी तोंडं मिटून घेतली म्हणून. आता तरी तोंडं उघडा. मी देगलूरला जाणार, नांदणार. आम्ही दोघं आधी रक्त तपासणार. पुन्हा दिवस गेले तर पहिल्या दिवसापास्नं डॉक्टरला सांगणार. कुणाला लाज वाटली तर वाटू द्या."

श्रीमंत उठला आणि पुनमच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

सिंधू पुढं आली. तिनं दर्शनीला समोर घेतलं आणि भरल्या अंगणात, बायका-पुरुषांसमोर, पहिल्यांदा त्या आजाराचं नाव घेतलं. काय होतं, गोळी किती वेळा द्यायची, ताप आला तर काय करायचं, जास्त दिली तर रक्तात चरबी कशी होते, सगळं सांगितलं. रामलिंग तिच्या मागं उभा राहून म्हणाला, "परवापर्यंत थांबू असं मी म्हणलं होतं. तिचा एकटीचा गुन्हा न्हाई." त्या घरात इतक्या वर्षांत इतकं खरं एका वेळी कधी बोललं गेलं नव्हतं.

वाचकहो, या गोष्टीचा शेवट गोड नाही, आणि मी तो गोड करणार नाही. पुनम देगलूरला गेली. सिंधूशी ती आजही गरजेपुरतंच बोलते. दर्शनीची जादा गोळी सुटली, साय सुटली, आणि पुढच्या तपासणीत रक्तातली चरबी उतरायला लागलेली दिसली. गाल बसले. आता गल्लीतल्या बायका म्हणतात, "पोरगी वाळली की गं!" आणि शिवम्मा त्यांना थांबवून, खाली बसवून, पहिल्यापासून सगळं सांगते. नातवाचंही सांगते. सांगताना दर वेळी रडते, पण सांगायचं सोडत नाही.

परवा त्याच भावकीतली एक नवी सून तिच्याकडं आली. मामाच्याच घरात दिलेली, चौथा महिना लागलेली. इकडंतिकडं बघत हळूच म्हणाली, "अव्वा, माझ्या पहिल्या लेकराला बी असंच उलट्या होऊन नेलं देवानं. सासूबाई म्हणत्यात, कुणाला बोलू नगंस."

शिवम्मानं तिचा हात धरला आणि आवाज मुद्दाम मोठा केला.

"बोल माय! जोरात बोल! त्या लातूरच्या बाईकडं उद्याच जाऊ. देवानं नेलं म्हणू नगंस. देवाला काय करायचं आपलं लेकरू? आपण गप बसतो, म्हणून जातंय ते."

आजार कुणालाही होतो, तो कुळाचा डाग नव्हे. ज्या घरात आजाराचं नाव मोठ्यानं घेता येतं, त्या घरातली लेकरं जगतात.